चित्रपुस्तकांबद्दल तुमचे प्रश्न: हक्क, स्वीकार आणि आपलं माणूस

मुलांचे हक्क, वेगळेपणाचा स्वीकार आणि निरनिराळ्या घडणीची कुटुंबं, या विषयांवरच्या चित्रपुस्तकांबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. मुलांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्यासाठी हक्कांवरचं चित्रपुस्तक आणलं. प्रत्येक पानावर एक हक्क, शेजारी एक चित्र. चौथ्या पानावर ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, ‘झोपायचं नाही, हा माझा हक्क आहे.’ आमचं काय चुकलं?

उत्तर: ती उठून गेली कारण ती यादी होती, गोष्ट नव्हती. या वयाचं मूल एखाद्या पात्राला धरून पुढे सरकतं: त्याला काय हवं होतं, कोण आड आलं, मग काय झालं. ‘प्रत्येक बालकास अमुक मिळण्याचा अधिकार आहे’ या वाक्यात धरायला कुणीच नसतं.

अशी यादीवजा पुस्तकं इतकी का निघतात, त्याला कारण आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्यात ५४ कलमं आहेत, आणि त्यातलं ४२ वं कलम सांगतं की ही तत्त्वं मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून द्यावीत. मग प्रकाशक एकेका कलमाला एकेक पान देतात. तुम्ही सहा कलमांवर थांबा. नाव असणं (कलम ७), कुणी भेदभाव न करणं (२), घरच्यांपासून विनाकारण न तोडलं जाणं (९), आपलं म्हणणं ऐकलं जाणं (१२), मारहाणीपासून संरक्षण (१९), विश्रांती आणि खेळ (३१). प्रत्येकासाठी एक साधी गोष्ट शोधा. पुस्तकावर ‘हक्क’ हा शब्द छापलेला असण्याची गरज नाही. ज्याचं नाव सगळे चुकीचं उच्चारतात अशा मुलाची गोष्ट ही कलम ७ चीच गोष्ट आहे.

आता झोपेबद्दल. कलम ३१ मध्ये खेळाच्याही आधी विश्रांतीचं नाव येतं, म्हणजे झोप ही हक्काच्याच बाजूला आहे. कलम १२ सांगतं की मुलाचं मत ऐकावं आणि त्याच्या वयाला व समजेला अनुसरून त्याला वजन द्यावं. निर्णय मुलानेच घ्यावा, असं ते म्हणत नाही. तेव्हा ‘झोपायचं तर आहेच. आधी दात की आधी गोष्ट, ते तू सांग’ या उत्तरात दोन्ही कलमं पाळली जातात.

हक्क आणि हट्ट वेगळे करायला बारा चिठ्ठ्यांचा खेळ करा. पाणी, डॉक्टर, खेळणं, फुगा, शाळा, नवे बूट, मिठी, मोबाईल अशी चित्रं एकेका चिठ्ठीवर काढा आणि दोन ढीग करा: ‘प्रत्येक मुलाला हवंच’ आणि ‘मिळालं तर आवडेल’. दोन-तीन चिठ्ठ्यांवर वाद झालाच पाहिजे, म्हणून बूट आणि खेळणं मुद्दाम ठेवा. बूट हवेतच, पण नवे कोरे? खेळायला हवंच, पण विकतचंच खेळणं? उत्तर तुम्ही देऊ नका. चिठ्ठी दोन्ही ढिगांच्या मधोमध राहिली तरी चालेल.

आणखी एक धोका. पुष्कळ पुस्तकं प्रत्येक हक्काला एक कर्तव्य जोडून देतात: शिकण्याचा हक्क, म्हणून नीट अभ्यास करण्याचं कर्तव्य. मूल यातून असं उचलतं की नीट वागलो नाही तर हक्क जाईल. दंगा करणाऱ्या मुलालाही न मारलं जाण्याचा हक्क असतो, आणि खरं तर त्यालाच त्याची सर्वांत जास्त गरज असते. जोडायचंच असेल तर एका मुलाचा हक्क दुसऱ्या मुलाच्या त्याच हक्काला जोडा: तुझं बोलणं ऐकून घेतलं, आता त्याचं ऐकू.

प्रश्न: मी मुलांचं वाचनालय चालवते. ‘वेगळं असलं तरी चालतं’ असं सांगणाऱ्या पुस्तकांचा पूर आला आहे. खरेदीच्या वेळी दहा मिनिटांत चांगलं-वाईट कसं ठरवावं?

उत्तर: सर्वांत आधी शेवट वाचा. या प्रकारातला सर्वांत रुळलेला साचा असा: एक प्राणी वेगळा दिसतो, सगळे हसतात, मग संकट येतं, त्याच्या वेगळेपणामुळेच सगळ्यांचा जीव वाचतो आणि सगळे त्याला जवळ घेतात. गोड वाटतं, पण त्याचा हिशोब मांडून पाहा. संकट आलंच नसतं तर? त्या प्राण्याने कुणालाच वाचवलं नसतं तर? उपयोगी पडला म्हणून कळपात आला, एवढंच मुलाच्या हाती उरतं. आणि आधी हसणाऱ्यांनी काय केलं, हे तर पुस्तक विचारतच नाही. स्वीकार कमवावा लागणारं पुस्तक नाकारा. आमच्या मते दहा मिनिटांतली ही एकच कसोटी निम्मं काम करते.

मग मजकूर हाताने झाकून फक्त चित्रं पाहा. ज्या मुलाबद्दल पुस्तक आहे ते किती पानांवर मध्यभागी आहे आणि किती पानांवर कडेला? चित्र कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलं आहे? व्हीलचेअर वापरणारी मुलगी दर वेळी वरून पाहिल्यासारखी दिसत असेल, तर चित्रकार उभ्या माणसाच्या जागी उभा आहे. खुर्चीही नीट पाहा. रोज स्वतः चाकं फिरवणाऱ्या मुलीची खुर्ची तिच्या मापाची, बुटक्या पाठीची असते आणि चाकांना हाताने ढकलायची कडी असते. दवाखान्यातली रुंद, जाड हातांची, कुणीतरी मागून ढकलायची खुर्ची काढलेली असेल, तर प्रत्यक्ष न पाहता काढलं आहे असं समजा.

तिसऱ्या फेरीत त्या पात्राची क्रियापदं कागदावर उतरवा. ‘बसते, बघते, हसते, आभार मानते’ एवढीच निघाली तर ती मुलगी दुसऱ्यांच्या चांगुलपणासाठी ठेवलेली वस्तू आहे. ‘ठरवते, चिडते, लपवते, चुकते, नाही म्हणते’ अशी निघाली तर ती माणूस आहे. चिडणं आणि चुकणं यादीत असायलाच हवं. वेगळ्या मुलाने सदा गुणी असलंच पाहिजे, हीदेखील एक अटच झाली.

प्राण्यांच्या गोष्टींबद्दलही सांगायला हवं. जांभळ्या हत्तीवरून आपल्या वर्गातल्या मुलापर्यंत पोहोचणं चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांना वाटतं तितकं सोपं जात नाही. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट काही मुलांना माणसांच्या चित्रांसह आणि काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांच्या चित्रांसह वाचून दाखवली होती. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर वाटले. प्राण्यांची पुस्तकं काढून टाका असं नाही, पण या विषयाचं कपाट त्यांच्यावरच भरू नका.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी संशोधिकेने १९९० मध्ये पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार म्हटलं होतं: स्वतःला पाहायला, दुसऱ्याला पाहायला आणि त्याच्या जगात पाऊल टाकायला. खरेदीची यादी या कसोटीवर एकदा तपासा. तुमच्याकडे येणाऱ्या कोणत्या मुलांसाठी कपाटात एकही आरसा नाही? तिथून सुरुवात करा. आणि ‘समस्या’ नसलेली पुस्तकंही घ्या. श्रवणयंत्र लावणारा मुलगा पतंग हरवतो आणि शोधतो, यंत्राचा उल्लेखही नाही. अशी दोन पुस्तकं स्वीकारावरच्या वीस व्याख्यानांइतकी कामाची आहेत.

प्रश्न: आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, बाळ असताना दत्तक आला. ‘आम्ही तुला निवडलं’ या धर्तीचं पुस्तक त्याला लहानपणापासून वाचून दाखवतो. परवा त्याने विचारलं, ‘मी आवडलो नसतो तर?’ आम्ही गप्प झालो.

उत्तर: प्रश्न अगदी रास्त आहे आणि वयाला धरून आहे. दत्तक मुलांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांच्या संशोधनातून पुढे आलेली गोष्ट अशी की शाळेआधीच्या वयात मुलं ‘मी दत्तक आहे’ हे आनंदाने सांगतात, पण त्याचा अर्थ त्यांना फारसा लागलेला नसतो. सहाच्या पुढे कळू लागतं की एका घरी येण्याआधी दुसरीकडून निघावं लागलं असणार. पुस्तक बदललेलं नाही, वाचणारा मोठा झाला आहे.

‘निवडलं’ या शब्दाला उलटी बाजू आहे. ज्याला निवडता येतं त्याला नाकारताही येतं. शिवाय निवडलेल्या मुलावर उपकाराचं ओझं येतं. त्याला सांगा: ‘तू आवडलास म्हणून आमचा झालास असं नाही. तुला घर हवं होतं, आम्हाला मूल हवं होतं. तू आलास तेव्हा आम्हाला तू कसा आहेस हे ठाऊकही नव्हतं. आता तू आमचा आहेस. भांडलास, चिडलास, तरी आमचाच.’ एका दमात सगळं नको. पहिलं वाक्य सांगून थांबा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

दत्तकाच्या पुस्तकांत तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला म्हणजे गोष्ट घरी येण्याच्या दिवसापासून सुरू होते. मग मुलाला वाटतं की आपण इतरांसारखे जन्मलोच नाही. पहिल्या पानावर जन्म हवाच: ‘सगळी बाळं जन्मतात तसाच तूही जन्मलास.’ दुसरा, जन्म देणाऱ्या आईबद्दलचा: ‘तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं.’ हे वाक्य टाळा. तुमचंही त्याच्यावर प्रेम आहे, मग तुम्हीही देणार का, असा त्याचा पुढचा विचार असतो. शिवाय तिच्या मनात काय होतं हे बहुधा आपल्याला माहीत नसतं. माहिती तशी असेल तर ‘तेव्हा तिला कोणत्याच बाळाला सांभाळणं शक्य नव्हतं’ असं म्हणा. ‘कोणत्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याने दोष या बाळावरून उतरतो. तिसरा घोटाळा ‘खरी आई’ या शब्दाचा. जन्म देणारी आई आणि आई, एवढं पुरे. खोटी कुणीच नाही.

छापील पुस्तकाच्या जोडीला त्याचं स्वतःचं पुस्तक करा. पानं सुटी घालता येतील अशी फाईल घ्या, कारण माहिती पुढे वाढते. चार भाग ठेवा: जन्म, मधले दिवस, घरी येणं, आजपर्यंत. मूळ कागद आणि फोटो बाजूला जपून ठेवून फाईलमध्ये प्रती लावा, मूल रागाने पान फाडतं तेव्हा मूळ वाचतं. मधल्या दिवसांची माहिती नसेल तर तो भाग गाळू नका. एक पान ठेवा आणि त्यावर लिहा, ‘या दिवसांबद्दल आपल्याला नीट माहिती नाही. पण तू झोपत होतास, दूध पीत होतास, कुणीतरी तुला उचलून घेत होतं.’ गाळलेलं पान मुलाला भीतीचं वाटतं, रिकामं ठेवलेलं तितकं वाटत नाही. ही फाईल पाहुण्यांना दाखवायची की नाही, हे तोच ठरवेल. खासगीपणाचा हक्क कलम १६ मध्ये आहे आणि तो सहा वर्षांच्या मुलालाही आहे.

प्रश्न: मी इंग्रजी चित्रपुस्तकं मराठीत आणते. दोन जागी अडते. ‘सावत्र’ हा शब्द लिहिला की गोष्टीचा रंगच बदलतो. आणि मूळ पुस्तकात मुलगा की मुलगी हे मुद्दाम सांगितलेलं नसतं, मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला ते उघडं पडतं.

उत्तर: ‘सावत्र’ला पूर्वग्रहाचा वास आहे, हे खरं. पक्षपाताला आपण ‘सापत्न वागणूक’च म्हणतो. नवी आई प्रेमळ असल्याची गोष्ट पहिल्याच ओळीत ‘सावत्र आई’ म्हणून सुरू झाली, तर मूल पुढची दहा पानं ती कधी छळते याची वाट पाहतं. म्हणून नात्याचं नाव न घालता, ते मूल तिला जी हाक मारतं ती घाला. नुसतं नाव, नावापुढे मावशी, किंवा घरात घडलेलं एखादं टोपणनाव. नातं कळायला हवंच असेल तर घटनेतून सांगा: ‘बाबांचं लग्न झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली.’ पण शब्दच हद्दपार करू नका. मुलं तो बाहेर ऐकणार आहेत. तेव्हा एखाद्या पुस्तकात कुणीतरी ‘ती तुझी सावत्र आई ना?’ असं विचारावं आणि मुलाला त्याचं उत्तर सापडावं, हेही हवं.

लिंगाच्या बाबतीत मराठीकडे असं साधन आहे जे पुष्कळ भाषांकडे नाही: नपुंसकलिंग. मूल, लेकरू, बाळ, पिल्लू, पोर, भावंडं. ‘मूल दारात आलं. ते जरा थांबलं.’ तृतीयपुरुषी गोष्ट अशी बत्तीस पानं सहज चालते आणि ऐकायला मुळीच ओढूनताणून वाटत नाही. अनुवादक सवयीने ‘मुलगा’ लिहून मोकळे होतात, याचं आम्हाला नेहमी वाईट वाटतं.

प्रथमपुरुषी गोष्ट अवघड, पण जमते. भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाचं रूप बहुतेक वेळा कर्माप्रमाणे चालतं: ‘मी दार उघडलं’, ‘मी चप्पल काढली’, ‘मी चित्र रंगवलं’. बोलणाऱ्याचं लिंग कुठेच दिसत नाही. भविष्यकाळही मोकळा: ‘मी येईन’, ‘मी सांगेन’. ‘मला’ची वाक्यंही मोकळी: ‘मला भीती वाटली’, ‘मला जायचंय’. अडचण येते ती गेलो-गेले, दमलो-दमले, जातो-जाते इथे. ‘मी दमलो’च्या जागी ‘माझे पाय दुखायला लागले’ करा, मुलांच्या तोंडी तेच जास्त शोभतं. सकर्मक असूनही दगा देणारी क्रियापदं लक्षात ठेवा: पिणे, शिकणे, विसरणे, म्हणणे, बोलणे. ‘मी नाव विसरलो’, ‘मी म्हणाले’ इथे लिंग उघडं पडतंच. तिथे ‘मला नाव आठवेना’, ‘मी विचारलं’, ‘मी सांगितलं’ वापरा. मसुदा पूर्ण झाल्यावर ‘मी’ असलेली वाक्यं तेवढी वेगळी काढून वाचा. एखादं निसटलेलं ‘गेलो’ सगळी मेहनत वाया घालवतं.

जाता जाता आणखी दोन शब्द. ‘घरी आईबाबांना सांग’ या ओळीत आजीकडे वाढणारं मूल बाहेर पडतं. ‘घरी सांग’ एवढ्याने काम होतं. आणि ‘व्हीलचेअरला खिळलेली’ लिहू नका. ती खुर्ची वापरते, खुर्चीमुळेच तर ती हिंडते-फिरते.

प्रश्न: बालवाडीच्या वर्गात २८ मुलं आहेत. एक मुलगी श्रवणयंत्र वापरते. तसंच पात्र असलेलं पुस्तक वर्गात वाचलं तर सगळी मुलं तिच्याकडे वळून पाहतील, ही भीती वाटते. वाचावं का?

उत्तर: वाचा, पण तिच्यासाठी म्हणून वाचू नका. आधी तिच्या घरच्यांना पुस्तक दाखवा आणि तिलाही एकटीला एकदा वाचून दाखवा. वर्गात ऐकायला आवडेल का, हे तिला विचारा. ती नको म्हणाली तर आत्ता नको. पुस्तक कपाटात ठेवा, मुलांच्या हाताला लागू द्या. हो म्हणाली तर ते आठवड्यातल्या चार-पाच वेगवेगळ्या पुस्तकांमधलं एक म्हणून येऊ द्या, पहिलं नको. वाचताना तिच्याकडे पाहू नका. तुमची नजर गेली की २७ नजरा जातात. ‘तू सांग ना, कसं वाटतं’ हा प्रश्न तिला कधीही विचारू नका. स्वतःहून बोलली तर ते तिचं.

२८ मुलांना एकदम वाचून दाखवू नका. मागच्यांना चित्र दिसत नाही, मग ढकलाढकली होते आणि दोष गोष्टीवर येतो. तीन गट करा, अर्धवर्तुळात बसवा आणि पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ऐकू कमी येणारं मूल समोर, तुमचा चेहरा आणि ओठ दिसतील असं, आणि खिडकी तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा अंधारात जातो.

प्रश्नांचं मात्र मनावर घ्या. ‘मग आपण कसं वागायला हवं?’ याला मुलं तयार उत्तर देतात, कारण तुम्हाला काय ऐकायचंय ते त्यांना ठाऊक असतं. त्याऐवजी विचारा: ‘या पानावर कोण काहीच बोलत नाहीये?’ ‘तिला राग आलाय हे तुला कशावरून कळलं?’ ‘पान उलटल्यावर काय होईल?’ मग थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणसंशोधिकेने वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनात मोजा.

एखादं मूल म्हणालं, ‘ती विचित्र दिसते’, तर ‘शू, असं बोलायचं नाही’ म्हणू नका. त्यातून हा विषय लाजेचा आहे एवढंच पोहोचतं. सरळ माहिती द्या: ‘तिच्या कानामागे यंत्र आहे, त्यामुळे तिला आवाज मोठा ऐकू येतो.’ पुढचं पान उलटा.

आणि एक गोष्ट पूर्वतयारीत ठेवाच. मारहाणीबद्दलचं किंवा शरीराबद्दलचं पुस्तक वाचताना कुणीतरी मध्येच म्हणेल, ‘मलापण मारतात.’ तिथे खोदून विचारू नका, दुर्लक्षही करू नका. ‘तू सांगितलंस ते मी ऐकलं. आपण दोघं नंतर बोलू.’ त्याच दिवशी, एकांतात बोला. ‘बाबांनी मारलं का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत, ‘काय झालं ते सांग’ एवढंच. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. ही तयारी नसेल तर ते पुस्तक तूर्त वर्गात नेऊ नका.

प्रश्न: आम्ही दोघं वेगळे झालो आहोत. पाच वर्षांचा मुलगा दोन्ही घरी राहतो. त्याच्यासाठी कसं पुस्तक शोधावं?

उत्तर: ज्याच्या शेवटी आईबाबा पुन्हा एकत्र येतात, ते टाळा. तो आधीच त्याची वाट पाहत असतो. या वयात मुलांना जगात घडणारं सगळं आपल्यामुळे घडतं असं वाटतं, म्हणून ‘हे तुझ्यामुळे झालं नाही’ हे पुस्तकात उघड शब्दांत असावं, सूचक नको. दोन्ही घरांची पानं मोजा. एक घर रंगीत आणि दुसरं करडं असेल तर चित्रकाराने बाजू घेतली आहे. पुस्तकात रोजच्या गोष्टी हव्यात: टूथब्रश कुठे असतो, चादर कोणती, सोमवारी कोण न्यायला येतं. आवडलं तर दोन प्रती घ्या, दोन्ही घरी एकेक. एकच प्रत पिशवीतून फिरली तर ती कधीतरी नको त्या घरी राहते आणि त्या रात्री तीच हवी असते.

प्रश्न: वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात मुलीला दोन आया आहेत. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगणं फार लवकर नाही का?

उत्तर: मूल घराबद्दल विचारतंय, मोठ्यांच्या खासगी आयुष्याबद्दल नाही. ‘हिच्या घरी दोन आया आहेत’ हे पूर्ण उत्तर आहे. बहुतेक मुलं यावर ‘मग बाबा कुठे?’ असं विचारतात. ‘हिच्या घरी बाबा नाहीत, दोन आया आहेत. काही घरी आईबाबा असतात, काही घरी फक्त आजी.’ त्याने विचारलं तेवढंच सांगा. ज्या मुलीचं घर तसं आहे ती कदाचित त्याच्याच वर्गात आहे, आणि तिच्यासाठी हे लवकरही नाही, उशिराही नाही. ते तिचं घर आहे.

प्रश्न: मुलांसोबत ‘आमचं घर’ या विषयावर खरंखुरं चित्रपुस्तक करायचं आहे. पानं किती, बांधणी कशी?

उत्तर: छापील चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, कारण मोठ्या कागदाच्या घड्या घालून १६-१६ पानांचे फर्मे निघतात. हाताने करताना एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. आठ कागदांत ३२ पानं. पण आठही कागद एकात एक घातले तर आतले बाहेर डोकावतात आणि कडा कापावी लागते, त्यात चित्राचा काठ जातो. मुलांसोबत चार कागद, १६ पानं पुरेत. घडीवर समान अंतराने तीन भोकं पाडा. सुई मधल्या भोकातून आत घाला, एका टोकाच्या भोकातून बाहेर, तिथून मधलं ओलांडून दुसऱ्या टोकातून आत, परत मधल्यातून बाहेर. मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं ठेवून गाठ मारा. दोरा जाड आणि भोकं मोठ्यांनी पाडलेली असावीत.

शिवण्याआधी एका कोऱ्या कागदावर १६ चौकोन आखून प्रत्येकात काय येणार ते ठरवा. पहिलं मुखपृष्ठ, शेवटचं मागचं, म्हणजे गोष्टीला १४. पानावर दोन ओळींहून जास्त नको. घडीवर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. चेहरा घडीत गेला की ते माणूस पुस्तकातून नाहीसं होतं, आणि मुलं ते लगेच ओळखतात.

विषय देताना वंशवृक्ष काढायला सांगू नका. झाडाला दोनच फांद्या आखून दिलेल्या असतात आणि काही मुलांना तिथे लिहायला नावंच नसतात. ‘मला कोण उठवतं, कोण जेवायला वाढतं, आजारी पडलो की कोण शेजारी बसतं’ असे प्रश्न द्या. आपलं माणूस कोण, हे त्या उत्तरांत आपोआप येतं. कुणी शेजारणीला काढेल, कुणी मांजराला, कुणी वारलेल्या आजोबांना. काढू द्या. दुरुस्त करू नका.

प्रश्न: मुलगी सावळी आहे. पुस्तकातल्या सावळ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणते, ‘ही मला नको, ती गोरी मी.’

उत्तर: केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना गोरी आणि सावळी बाहुली दाखवली, तेव्हा पुष्कळ मुलांनी गोरीच चांगली म्हणून निवडली. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना या कामाचा आधार घेतला होता. तुमच्या मुलीत दोष नाही. आजूबाजूला जे पाहिलं ते ती सांगते आहे. ‘असं म्हणू नये’ म्हणण्याऐवजी विचारा, ‘ती गोरी का आवडली?’ आणि ऐका. मग पुस्तकं बदला: सावळी मुलगी खोडकर, हुशार, भांडकुदळ, राजकन्या, चोर, सगळं असलेली, एक नाही, दहा. रंगांच्या पेटीतला ‘अंगाचा रंग’ या नावाचा एकच खडू काढून टाका. आपल्या हाताशेजारी ठेवून तपकिरी, पिवळा आणि थोडा लाल मिसळून तिचा रंग तिलाच करू द्या. घरात कुणी उजळण्याबद्दल बोलत असेल तर ते आधी थांबवा, पुस्तक त्याच्यापुढे टिकत नाही.

प्रश्न: मुलगा महिनाभर रोज एकच पुस्तक मागतो. त्यात घर बदललेलं मूल आहे. आम्हीही नुकतंच घर बदललं. काळजी करावी का?

उत्तर: नाही. वाचत राहा. तो कोणत्या पानावर रेंगाळतो ते पाहा, तिथे ‘हं’ म्हणून थांबा आणि त्याला पान उलटू द्या. मध्येच शब्द बदलून पाहू नका. ते शब्द तसेच असणं त्याला हवं आहे. काही आठवड्यांनी तो दुसरं पुस्तक आणून देईल. हे त्याच्या हाताशीच, खालच्या फळीवर ठेवा.